कुळथाचं सार आणि पटकीची सुई

अजूनही कुणी ताटात अन्न ठेवून उठलं की मी त्या ताटाकडं बघत राहते. घरातले हसतात. म्हणतात, अगं भूक नसेल, तुझ्या स्वयंपाकाला काय झालंय? पण एकदा माझ्या हातचं जेवण सबंध पंगतीनं परत केलं होतं, आणि त्यातून मी कशी सावरले ते माझं मला माहीत.

ही दुष्काळातली गोष्ट. नगर जिल्ह्यात, तिसगावच्या पुढं एका गावात मुलींचं बोर्डिंग होतं, तिथं मी स्वयंपाकघरात हाताखाली होते. माझं माहेर रत्नागिरीकडं, खाडीच्या काठाला. शाळा सहावीतच सुटली, कारण पाठची भावंडं सांभाळायला घरात कुणी नव्हतं. वडील खाडीत होडी चालवायचे. मी एकोणीस-वीस वर्षांची असताना त्यांना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला आणि होडी दारात पालथी पडली. आमच्या शाळेतल्या बाईंची थोरली बहीण त्या बोर्डिंगची मुख्य होती. जेवूनखाऊन पगार, आणि माणसं देवासारखी, असं बाईंनी आईला सांगितलं. माणसं खरंच तशी निघाली, ते पुढं येईलच.

निघताना मी वडिलांच्या पाया पडले. ते खाटेवर होते. मी म्हटलं, "बाबा, येते." त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. आई म्हणाली, चल, एस्टी चुकेल. त्यांची ती पाठ सबंध घाट चढेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं होती. मुलीनं परमुलखात जाऊन दुसऱ्यांची भांडी घासावी हे त्यांना आवडलेलं नाही, त्यांनी मला मनातून काढून टाकलं, असं मी धरून चालले होते.

बोर्डिंगच्या चुलीवर राज्य होतं मावशीचं. मावशी कर्जतकडची, विधवा, अंगानं दणकट, रविवारी पांढरं लुगडं नेसून चर्चला जायची. रेशनवर तेव्हा मिलो मिळायचा, तांबडी परदेशी ज्वारी. त्याची भाकरी थापताना हातातच फुटायची. पीठ उकळत्या पाण्यात कसं मळायचं ते मावशीनं मला शिकवलं, न रागावता. पहिल्या दिवशी माझ्या भाकरीकडं बघून ती एवढंच म्हणाली, "ह्यो कुठला नकाशा काढलास गं?" बस्स. मला रडू येईल म्हणून तिनं ती भाकरी स्वतःच खाल्ली.

तिथं एक पद्धत होती. जेवून झालं की प्रत्येक मुलगी आपलं ताट विसळून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत द्यायची आणि म्हणायची, "पोट भरलं, मावशी." मावशी म्हणायची, "भरू दे." कुणी ताटात टाकलंच तर तिनं खिडकीशी उभं राहून कारण सांगायचं. त्या दिवसांत अन्न टाकणं फार मोठी गोष्ट होती. मावशी रागवायची नाही, नुसती बघायची. ते बघणं चुकवायला मुली मिलोची भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायच्या.

मग मावशीच्या लेकीचे दिवस भरले, कर्जतला. मावशी म्हणाली, "दोन-चार दिस चूल हिच्या हातात ऱ्हाईल."

मुख्य होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. कडक नव्हत्या, पण काळजी करणाऱ्या होत्या, आणि काळजी करणाऱ्या माणसाचा आवाज कधी कधी कडकच निघतो. त्या म्हणाल्या, "जमेल का हिला?"

"न जमाया काय झालं? धा बोटं हाईत की."

"बघू या. मुली उपाशी राहता कामा नयेत, मावशी. नाही जमलं तर शेवगावची एक बाई विचारून गेलीय, तिला बोलवावं लागेल."

हे माझ्यासमोरच झालं. शेवगावच्या त्या बाईला मी कधी पाहिलंही नाही, पण त्या क्षणापासून ती माझ्या मागं उभी आहे असं मला वाटायला लागलं. मला परत जाऊन चालणार नव्हतं. माझ्या मनीऑर्डरवर घरी चार तोंडं जेवत होती.

मावशी गेली आणि दुसऱ्याच सकाळी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई पेटी घेऊन आली. सगळं गाव एका विहिरीच्या तळातलं पाणी पीत होतं, म्हणून सुया टोचायच्या होत्या. पटकी, म्हणजे कॉलरा, आणि मुदतीचा ताप, दोन्हींची मिळून एकच सुई. मोठ्या बाईंनी सगळ्यांच्या आधी बाही वर केली, मुलींना धीर यावा म्हणून. मुली एकमेकींच्या मागं लपत होत्या, किंचाळत होत्या, हसत होत्या. आमचे राखणदार मामा, मिशा एवढाल्या, पण सुईला भ्यायचे. ते पहाटेच तिसगावच्या बाजाराला निघून गेले होते. एक मुलगी म्हणाली, "मामा मिरच्या आनाया गेलेत म्हनं, सुईपरीस मिरची बरी झोंबती." सगळ्या खो खो हसल्या. नर्सबाई जाताना म्हणाली, "हात दुखेल, अंग जरा कसकसेल. उद्या-परवा आपोआप जातं. घाबरायचं नाही."

मला तर घाबरायला वेळच नव्हता. संध्याकाळच्या जेवणाला मी कुळथाचं सार करायचं ठरवलं होतं. तिकडं कुळथाला हुलगा म्हणतात आणि माडगं किंवा शेंगोळे करतात. पण आईनं येताना आमसुलांची पुरचुंडी बांधून दिली होती, ती मी जपून ठेवली होती. मनात म्हटलं, मिलोच्या त्या कोरड्या भाकरीबरोबर आंबट-तिखट सार मुली भुरके मारून पितील आणि शेवगावची बाई शेवगावातच राहील.

दुपारी कुळीथ शिजायला टाकले तेव्हा मी गुणगुणत होते. आमसुलं टाकली, लसणीची फोडणी दिली. आणि तो वास, ज्या वासासाठी मी महिनोन् महिने तळमळले होते, तो नाकात शिरला तर मला नकोसा झाला. ढवळलं. पळीनं चाखलं. तोंडात नुसतं काहीतरी कडवट. मला वाटलं, बिघडलं. आता दुसरं करायला ना वेळ, ना जिन्नस. हात खांद्यापासून जड झाला होता, पण तो सुईचा, ते माहीत होतं. मन जड झालं होतं त्याचं कारण मात्र मी त्या पातेल्यातच शोधलं.

बोर्डिंगचा नियम असा की ज्या मुलीला ताप असेल तिला पेज मिळायची, बाकीच्यांनी पंगतीला बसायचं. संध्याकाळी मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या आणि आत येणाऱ्या एकेकीच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. "ताप नाहीये. जा, बस. तुलाही नाही. हात दुखतोय म्हणून नखरे करायचे नाहीत. बसा सगळ्या."

मुली बसल्या. एरवी त्या पंगतीत इतका कलकलाट असायचा की भांडं पडलं तरी ऐकू यायचं नाही. त्या दिवशी कुणी बोलेना. माझ्या बोलण्याची रोज नक्कल करणारी एक वात्रट मुलगी होती, "गो ताय, भाकर दे गो" म्हणायची. तिनं मान वर केली नाही. वाटीतलं सार तसंच थंड होत गेलं. मग एकेक ताट खिडकीत यायला लागलं, भरलेलंच. "पोट भरलं" कुणी म्हणेना. वात्रट मुलगी "नको वाटतंय" एवढंच पुटपुटली आणि गेली. एक मोठी, शहाणी मुलगी ताट ठेवता ठेवता हुंदके द्यायला लागली, "मला घरी जायचंय." मी म्हटलं, "काय झालं गो?" तर माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच तिला इथं आणून टाकलंय.

शेवटी मोठ्या बाईंचं ताट आलं. त्यांनी ते आदळलं. ज्या बाईंचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता त्या म्हणाल्या, "काय घातलंस यात?"

"आमसुलं, बाई."

"इकडं नाही चालत असलं काही. उद्या साधं पिठलं कर."

मामा तेवढ्यात बाजारातून आले. ते बाहेर ओट्यावर जेवायचे. थोड्या वेळानं ओट्यावरून हाक आली, "कोकनी, आन की आजून! हुलगं लई भारी झालंय."

"मामा, चेष्टा करू नका."

"चेष्टा? आगं, तिसरी भाकर हाय ही माझी!"

मी वाढलं, पण मला वाटलं, ह्यांना माझी दया आली. सगळ्यांनी टाकलेलं अन्न म्हातारा माणूस मुद्दाम खातोय. त्यानं तर मला जास्तच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा जग लांब गेलं होतं. हे कसं सांगावं कळत नाही. उजेड डोळ्यांत टोचत होता. बादलीची कडी वाजली तरी तिचा राग येत होता. भाकरी थापणारे हात माझे नाहीत असं वाटत होतं. आणि मनात एकच गोष्ट फिरून फिरून येत होती, इथं माझं कुणी नाही. घरी तरी कोण आहे? मी समोर गेले की माणसं भिंतीकडं तोंड फिरवतात. वडिलांनी फिरवलं, आता ह्या मुलींनी. माझ्यातच काहीतरी आहे.

मोठ्या बाईंनी माझ्याही कपाळाला हात लावला. "गार आहे," म्हणाल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. त्या अंगावर शाल घेऊन बसल्या होत्या, त्या उन्हात. ताप असता तर मला किती बरं वाटलं असतं! निदान कारण मिळालं असतं. पण कपाळ गार. म्हणजे दोष माझाच.

पिठलंही परत आलं.

तेव्हा मी ठरवलं. शेवगावच्या बाईला बोलावण्याआधी आपणच जावं. काढून टाकलेली म्हणून घरी जायचं नाही, सोडून आलेली म्हणून जायचं. पत्र्याची पेटी भरली. उरलेली आमसुलं मामांना द्यावीत असं मनात आलं, पण उठून देण्याइतकंही बळ नव्हतं. पेटी घेऊन व्हरांड्यात बसले. दुपारी नगरहून एक एस्टी यायची आणि थोडं थांबून तीच परत नगरला जायची. कुणी मला विचारलं नाही कुठं निघालीस. मुली आपापल्या वळकट्यांवर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

एस्टी आली. मी पेटीच्या कडीला हात घातला. आणि फाटकातून मावशी आत आली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गुळाचा पुडा.

"नात झाली गं पोरी, नात!" ती लांबूनच ओरडली. "आ कर, आ कर." पेटीकडं तिचं लक्षच नव्हतं. माझी हनुवटी धरून तिनं तोंडात गुळाचा खडा घातला आणि तिचा हात माझ्या गालावर तसाच थांबला.

"आगं बया! भट्टी पेटलीय की तुझ्या अंगात!"

"नाही मावशी, ताप नाहीये. मोठ्या बाईंनी बघितलं."

"बाईंनी बघितलं?" तिनं परत हात लावला, कपाळाला, मानेला. मग पेटीकडं बघितलं. मग आत गेली. मीही मागोमाग गेले. तिनं पहिल्या वळकटीवरच्या मुलीला हात लावला, मग दुसरीला, तिसरीला. "हिला बी. हिला बी हाय. काय चाललंय काय हितं?"

मी म्हटलं, काल सुया टोचल्या.

मावशी थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाईंच्या अंगाला हात लावण्याची आमची कुणाची छाती नव्हती. मावशीनं सरळ त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला.

"बाई," मावशी म्हणाली, "तुमचाच हात तापलाय. त्यानं दुसऱ्याचा ताप कसा कळावा?"

मोठ्या बाईंनी स्वतःचा तळवा उलटासुलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं, मी सकाळपासून विचार करतेय की हे बोर्डिंग आता बंद करावं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्याच्यानं काही होत नाही. राजीनामासुद्धा मनात लिहून झाला माझा."

मावशी जमिनीवर बसली आणि तिनं गुळाचा पुडा सोडला. "मागं जत्रंच्या वक्ताला मला बी टोचली हुती ही सुई. दुसऱ्या दिशी चुलीम्होरं बसून रडाया लागले. मालक तवा हुते. त्यांनी इचारलं, काय झालं? म्या म्हनलं, मला या घरात कुनी इचारत न्हाई. मानूस बिचारं घाबरून म्हशीचं समदं दूध घिऊन माझ्याम्होरं हुबं! मी आजूनच रडले, म्हनलं आता मला दूध दिऊन गप करता व्हय. तिसऱ्या दिशी उठले तर काय बी न्हाई. म्हस ती, मालक बी तेच, आन् मी बी तीच. हात दुखतो ते नर्सबाई सांगती, मन दुखतं ते कुनी सांगत न्हाई."

दारातून मामांचा आवाज आला, "म्हनून म्या टोचून घेत न्हाई."

"तुमी बसा गप. पटकी झाली म्हंजी कळंल."

मामांनी आदल्या दिवशीचं सार उकळून थोडं बाजूला ठेवलं होतं. मावशीनं ते भाकरीबरोबर खाल्लं, बोटं चाटली. "आंबट हाय," म्हणाली. "पन जिभंला लागलं की सुटत न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेटी आत ठिव."

मी ठेवली, पण उघडली नाही. खोटं कशाला सांगू, माझा विश्वास बसला नव्हता. वाटलं, मावशी माया करते म्हणून असं म्हणते. तापानं भूक जाईल, पण आपलं कुणी नाही असं सुईनं कसं वाटेल? उद्याची एस्टी आहेच.

त्या दिवशी नियमाप्रमाणे सगळ्यांना पेज झाली. मोठ्या बाईंनाही.

आणि दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती भुकेनं. बाहेर बादल्या वाजत होत्या आणि तो आवाज चांगला वाटत होता. मी पडल्या पडल्या ते दुःख शोधलं, खरंच शोधलं, दात दुखायचा थांबला की जीभ लावून बघतो तसं. ते नव्हतं. बोर्डिंग तेच, मिलो तोच, पाणी अर्धी बादलीच. फक्त माझं कुणी नाही हे वाक्य कुठं सापडेना. खिडकीशी वात्रट मुलगी उभी होती. "गो ताय, त्या दिशीचं आंबट उरलंय का गो? न्हाई म्हंजी, मामांनीच संपवलं म्हनं."

त्या संध्याकाळी उरलेल्या आमसुलांचं मी परत सार केलं. मावशी हाताची घडी घालून मागं उभी राहिली, तिनं पळीला हात लावला नाही. पहिलं ताट खिडकीत आलं, "पोट भरलं, माव—"

"मला कशापायी सांगतीस? चूल तिची हुती."

"पोट भरलं, ताई."

"भरू दे," मी म्हटलं. मागून मोठ्या बाई आपलं ताट घेऊन आल्या, रिकामं. त्या म्हणाल्या, "शेवगावच्या त्या बाईला मी निरोप पाठवलाय, जागा नाही म्हणून." आणि मग, "परवा तुझ्यावर ओरडले ना मी?" मी मान हलवली, नाही म्हणून. पेटी मी त्या रात्री उघडली आणि लुगडी परत खुंटीला लावली.

पुढं माझी धाकटी मुलगी नर्सिंग शिकली, तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "आई, सुईतले जंतू मेलेलेच असतात. पण शरीरातल्या पहारेकऱ्यांना ते कुठं माहीत? परकं कुणी आत आलं की ते मेंदूकडं निरोप पाठवतात. मग मेंदू सगळी दुकानं बंद करतो. भूक बंद, हसणं बंद, माणसांत जाणं बंद. पडून राहा, सगळी ताकद लढाईला लागू दे." मी म्हटलं, मग वाईट विचार कशाला येतात? ती म्हणाली, "उदास झालं की मन कारण शोधतं. जे हाताशी असेल ते घेतं." माझ्या हाताशी पातेलं होतं. मोठ्या बाईंच्या हाताशी बोर्डिंग होतं. मावशीच्या हाताशी बिचारा नवरा.

पण त्यातलं एक, तिनं सांगायच्या कितीतरी आधी, मला तिथंच, चुलीपुढं कळलं होतं. ही सुई मुदतीच्या तापाची होती. मला त्या तापाची नुसती सावली एक दिवस लागली, तर मी पेटी भरली. वडील तर महिनाभर त्या तापात होते.

मे महिन्यात मला घरी जायला मिळालं. वडील उठले होते, दारात होडीला डांबर लावत होते. बारीक झाले होते. दोन दिवस मला धीर झाला नाही. मग विचारलं, "बाबा, मी जाताना तुम्ही तोंड का फिरवलंत?"

त्यांनी कुंचला डब्यावर ठेवला. "मी? कधी गो?"

"पाया पडले तेव्हा. खाटेवर होतात."

"तू पाया पडलीस?" त्यांनी आईकडं बघितलं. आईनं मान डोलावली. "मला काय आठवत नाय गो. त्या दिवसांत मला दिव्याचासुद्धा राग यायचा. कोण आला, कोण गेला, काय कळत नव्हतं. बरा झालो तेव्हा विचारलं, पोर कुठाय? तर ही म्हणाली, नगरला गेली. मी म्हटलं, मला न सांगता?"

म्हणजे तेही तिकडं तेवढेच दिवस माझ्यावर रुसून बसले होते.

त्यांनी परत डांबरात कुंचला बुडवला. मग विचारलं, "त्या मुलींना जेवायला काय करतेस?"

"मिलोच्या भाकऱ्या. आणि कुळथाचं सार केलं होतं. पण आता आमसुलं संपली."

निघायच्या दिवशी एस्टीपर्यंत माझी पेटी त्यांनीच उचलली. अजून अंगात जोर नव्हता, तीनदा खाली ठेवली, पण मला हात लावू दिला नाही. पेटी जड कशानं झाली ते मला बोर्डिंगात जाऊन उघडल्यावर कळलं. वर्षभर पुरतील इतकी आमसुलं होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केलेली, होडीच्या शिडाच्या जुन्या कापडात बांधून.